गाडी आपणच हाकायची

स्मरणिकेसाठी शाळेच्या जडणघडणीविषयी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. इतिहास हा आमचा विषय. शाळेच्या जुन्या नोंदवह्या, पहिल्या तुकडीची छायाचित्रे, वसतिगृहाच्या पत्र्याच्या खोल्यांच्या आठवणी या सर्वांवर लिहिता आले असते. ते काम आमचे सहकारी आमच्यापेक्षा चांगले करतील. आम्ही मात्र येथे भूतकाळापेक्षा एका जिवंत प्रश्नाविषयी लिहिणार आहोत. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात हा प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि आमचे पहिले उत्तर चुकले, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचा एक माजी विद्यार्थी जत तालुक्यातील. वडील ऊसतोडीला जाणारे, आई तासगाव भागातील द्राक्षबागांत मजुरी करणारी. पाचवीपासून दहावीपर्यंत तो आपल्या वसतिगृहात राहिला. पहाटेची वंदना, सकाळचा व्यायाम, भोजनगृहातील वाढप्याची पाळी हे सारे करून वाढला. पुढे शिष्यवृत्तीवर सांगलीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. शेवटच्या वर्षी पुण्यातील एका कंपनीचे नेमणूकपत्र त्याच्या हाती आले. त्याच्या घराण्यातील ही पहिली पगाराची नोकरी. गावात पेढे वाटले गेले. आणि त्यानंतर महिनाभराने तो आमच्याकडे आला तो हे सांगायला की, नोकरी स्वीकारण्याऐवजी स्वतःचा उद्योग सुरू करण्याचा त्याचा विचार आहे. सोबत त्याची वर्गमैत्रीण होती, माण तालुक्यातील एका शिक्षण घेतलेल्या पहिल्याच पिढीची मुलगी. दोघांनी मिळून आराखडा तयार केला होता. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलामुलींना संगणक, प्रोग्रॅमिंग, यंत्रदुरुस्ती आणि माहितीची हाताळणी मराठीतून शिकवायची. वापरलेले पण दुरुस्त केलेले लॅपटॉप, संध्याकाळी रिकामी असणारी विहारे आणि समाजमंदिरे, आणि परवडेल एवढी फी. आजच्या भाषेत ज्याला 'स्टार्टअप' म्हणतात, तसे काहीसे.

त्याचे वडीलही आले होते. ते खुर्चीवर न बसता दाराशीच उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोरगं तुमचं ऐकतंय. हातातली नोकरी सोडू नको म्हणून तुम्हीच सांगा त्याला."

आम्ही तसेच सांगितले. आधी नोकरी कर, घराचे कर्ज फेड, बहिणीचे शिक्षण पूर्ण होऊ दे, मग पाहू. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला. निघताना त्याने एकच वाक्य उच्चारले. "सर, दर सात नोव्हेंबरला तुम्ही आम्हाला मसूरची गोष्ट सांगत होता."

ही गोष्ट या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. रजिस्टरमधील त्यांचा क्रमांक १९१४. त्या दिवसाची आठवण म्हणून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्यानंतर १९०१ साली बाल भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर पुढच्या प्रवासासाठी बैलगाडी हवी होती. मुलांजवळ पैसे होते, अंगावर चांगले कपडे होते. पण जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकाने गाडी दिली. गाडीवान बाजूने पायी चालला. बाबासाहेबांनी हा अनुभव पुढे स्वतः लिहून ठेवला आहे.

ही गोष्ट आम्ही आजवर अपमानाची गोष्ट म्हणून सांगत आलो. ती तशी आहेच. परंतु त्या मुलाच्या वाक्याने तिच्यातील दुसरा अर्थ आमच्यासमोर आला. ही बाजाराचीही गोष्ट आहे. पैसा सर्वांना समान करतो, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातले गृहीतक मसूरच्या स्थानकावर नऊ-दहा वर्षांच्या मुलांसमोर कोसळले. खिशात भाडे असूनही गाडी मिळत नाही. मिळाली तर दुप्पट किमतीला मिळते. आणि हाकायची आपणच. आज आपल्या समाजातील जो तरुण व्यवसायात उतरू पाहतो, त्याची स्थिती याहून फार निराळी आहे काय?

उच्च शिक्षण घेतल्यानंतरही हा अनुभव बाबासाहेबांची पाठ सोडत नव्हता. कोलंबिया आणि लंडन येथील अध्ययनानंतर १९१७ मध्ये ते परतले. बडोद्यात नोकरीसाठी गेले असता राहायला जागा मिळाली नाही, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी काय केले, याची चर्चा मात्र क्वचितच होते. त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि शेअर बाजारातील व्यवहारांसाठी सल्ला देणारी एक पेढी सुरू केली. म्हणजे विद्यापीठातून बाहेर पडलेल्या एका तरुण अर्थशास्त्रज्ञाने आपल्या ज्ञानाच्या बळावर स्वतंत्र व्यवसाय उभारण्याचा प्रयत्न केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि पेढी बंद पडली. १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

या घटनाक्रमातून दोन गोष्टी दिसतात. पेढी बुडाली ती ज्ञान अपुरे होते म्हणून नव्हे. म्हणून आपल्या एखाद्या मुलाचा उद्योग अपयशी ठरला, तर 'त्याच्यात धमकच नव्हती' असे म्हणण्याची घाई करू नये. दुसरी गोष्ट अशी की, बाबासाहेबांनी नोकरी आणि स्वतंत्र उद्यम यांना एकमेकांचे शत्रू मानले नाही. नोकरी हे त्यांच्यासाठी पुढच्या झेपेचे साधन होते.

आमच्या स्वतःच्या आयुष्यातही असा एक प्रसंग येऊन गेला. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत पोहोचू लागला. सरकारी नोकरीसाठी संगणकज्ञान आवश्यक ठरल्याने गावोगावच्या सुशिक्षित तरुणांनी संगणक केंद्रे काढली. आमच्या एका मित्राने भागीदारीसाठी आम्हाला विचारले. तालुक्याच्या बाजारपेठेत गाळा पाहायला आम्ही दोघे गेलो. मालकाने चहा दिला, भाडे सांगितले, आणि उठता उठता आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की गाळा पाहुण्यांना द्यायचा ठरला आहे. मित्राने हट्ट सोडला नाही. त्याने गावाबाहेरच्या रस्त्यावर, दूरच्या आणि महागड्या जागेत केंद्र सुरू केले. आम्ही मात्र माघार घेतली. धाकट्या भावांचे शिक्षण, आईचे आजारपण ही कारणे खरी होती. पण खरे कारण त्या मालकाचा प्रश्न होता, हे आज इतक्या वर्षांनी लिहायला संकोच वाटत नाही. मे महिन्यात त्या मुलाला आम्ही जो उपदेश केला, त्यातील अर्धा उपदेश त्याच्या हिताचा होता आणि अर्धा आमच्या जुन्या भीतीचा होता.

उद्यमशीलता ही आपली परंपरा नाही, असे काही जण म्हणतात. इतिहास तसे सांगत नाही. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. जोतीराव हे शाळा काढणारे समाजसुधारक होते, तसेच बांधकामाची कंत्राटे घेणारे व्यावसायिकही होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी ही त्यांच्या व्यवसायाची पेढी. स्वतःच्या कमाईवर उभा असलेला माणूस धनिकांच्या आणि धर्ममार्तंडांच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. त्यांच्या लेखणीच्या निर्भयतेमागे ही आर्थिक स्वायत्तताही होती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचेही तसेच. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करण्यापूर्वी ते ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा आणि किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरांचा माल विकत गावोगाव फिरले होते. लोखंडी नांगराने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याला तो नांगर घ्यायला लावणे हे सोपे काम नव्हे. त्या फिरतीत त्यांनी खेड्यांची नाडी ओळखली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले, तेव्हा पहिले भांडवल कोणत्या बँकेने दिले नाही. ते लक्ष्मीबाईंच्या अंगावरील दागिन्यांतून, अखेरीस मंगळसूत्रातून आले. पुढे 'कमवा आणि शिका' या योजनेने विद्यार्थ्यांच्या घामालाच शिक्षणाचे भांडवल बनविले. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले, तेही अशाच निर्धाराने. शून्यातून संस्था उभारण्याची विद्या आपल्याकडे परकी नाही.

तथापि येथे एक इशारा देणे आम्ही आवश्यक समजतो. 'नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे बना' ही घोषणा अलीकडे फार ऐकू येते. तिच्या आडून सरकारी पदे रिक्त ठेवण्याचे, कंत्राटीकरणाचे आणि आरक्षण निष्प्रभ करण्याचे समर्थन होत असेल, तर ती घोषणा आपल्याला मान्य नाही. आरक्षण हा प्रतिनिधित्वाचा हक्क आहे. उद्योग हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. दोन्ही रस्ते खुले असले पाहिजेत. आणि ज्यांनी स्वतः पिढ्यान् पिढ्या सुरक्षित पदांवर काढल्या, त्यांनी पहिल्या पिढीच्या पदवीधराला जोखमीचे धडे देऊ नयेत.

शिक्षणाचा व्यवसाय करण्याबाबतही विवेक हवा. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर गेल्या, तेव्हा आपल्या वसतिगृहातील मुले आपापल्या वस्त्यांवर परतली होती. एका घरात एकच फोन, तोही वडिलांसोबत कामावर गेलेला. टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही. त्याच काळात शहरांत ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या कंपन्यांचा सुकाळ झाला. बंगळुरूच्या बायजूज या कंपनीचे मूल्य २०२२ मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते. जुलै २०२४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मधल्या काळात मुलांच्या भवितव्याची भीती दाखवून आईबापांच्या गळ्यात कर्जावर अभ्यासक्रम मारल्याच्या तक्रारी देशभर गाजल्या. तंत्रज्ञान होते, पैसा होता, जाहिरात होती. पण शिकणारे मूल केंद्रस्थानी राहिले नाही.

आपल्या मुलांनी याची नक्कल करू नये. तथागतांच्या अष्टांगिक मार्गातील पाचवे अंग सम्यक आजीविका हे आहे. उपजीविका अशी असावी की तिच्यामुळे दुसऱ्याचे अहित होणार नाही. धम्म व्यापाराला तुच्छ लेखत नाही. श्रावस्तीचा अनाथपिंडिक हा मोठा श्रेष्ठीच होता आणि जेतवन त्याच्या दानातून उभे राहिले. सिगालोवाद सुत्तात तर गृहस्थाच्या संपत्तीची स्पष्ट विभागणी सांगितली आहे. चार भागांपैकी एक भाग निर्वाहासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजच्या कोणत्याही तरुण उद्योजकाने भिंतीवर लिहून ठेवावा इतका व्यवहार्य आहे. आमच्या मते त्यातील चौथा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. श्रीमंताघरच्या मुलाचा उद्योग बुडाला तर त्याला अनुभव मिळतो. ऊसतोड मजुराच्या मुलाचा उद्योग बुडाला तर बहिणीची शाळा सुटते. हा फरक विसरून दिलेले उत्तेजन बेजबाबदारपणाचे ठरेल.

म्हणून आठ दिवसांनी आम्ही त्या दोघांना पुन्हा बोलावले, वडिलांनाही बोलावले, आणि आमचे आधीचे उत्तर मागे घेतले. मात्र काही अटी घातल्या. राहते घर किंवा गावाकडची दीड एकर जमीन गहाण पडता कामा नये. दोघांपैकी एकाने निदान दोन वर्षे नोकरी करावी आणि त्या पगारातून घर आणि उद्योग दोन्हींना आधार द्यावा. फी किती, कशासाठी, हे फलकावर लिहिलेले असावे आणि कोणत्याही पालकाला कर्ज काढायला लावू नये. वर्गात निम्म्या मुली असाव्यात. दर तीन महिन्यांनी जमाखर्च पालकांसमोर वाचून दाखवावा. दोन वर्षांनी उद्योग स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही, तर तो सन्मानाने थांबवावा; त्यात कमीपणा मानू नये.

आश्चर्य असे की, नोकरी कोणी करायची याचा निर्णय त्यांनी आमच्या अपेक्षेच्या उलट घेतला. मुलगा पुण्याला नोकरीवर रुजू झाला आणि मुलीने उद्योग हाती घेतला. "शिकवायला मला जास्त चांगलं येतं, सर," एवढेच कारण तिने दिले आणि ते खरे होते. गेल्या जूनपासून आपल्या शाळेच्या संगणक कक्षात संध्याकाळी तिचा पहिला वर्ग भरतो. शनिवार-रविवारी मुलगा पुण्याहून येतो. यश आले असे आम्ही म्हणणार नाही. ते म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही. वडिलांचे समाधान झालेले नाही. आईने मात्र एकदा वर्गाच्या खिडकीतून डोकावून पाहिले आणि आम्हाला विचारले, "गुरुजी, ह्या पोरी त्या पेटीत काय लिहित्यात?" उत्तर तिच्या भावी सूनबाईच्या वयाच्या त्या मुलीनेच तिला शेजारी बसवून दिले.

आता आपल्याविषयी, म्हणजे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांविषयी बोलले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागातील गलाई व्यावसायिक आज भारतभरच्या शहरांत सोनेचांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. दुष्काळाने ज्यांना गाव सोडायला लावले, त्यांनी हे कसे साधले? एकजण परमुलखात स्थिरावला की भावकीतील, गावातील दुसऱ्या मुलाला बोलावून घेई. तो मुलगा हाताखाली काम शिके, विश्वास कमावी, मग स्वतःचे दुकान काढी. कर्जापेक्षा ओळख, भांडवलापेक्षा पत त्यांच्या कामी आली. आपल्याकडे बुद्धी आहे, पदव्या आहेत; नाही ती ही साखळी. शासनाच्या योजना आहेत. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे; स्टँड अप इंडिया योजनेत दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्जाची तरतूद २०१६ पासून २०२५ पर्यंत होती; अनुसूचित जातींच्या तरुण उद्योजकांसाठी २०२० मध्ये आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन सुरू झाले. या योजनांसाठी आग्रह धरलाच पाहिजे. परंतु बँकेच्या टेबलासमोर बसलेल्या मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर आपल्यापैकी कोणीतरी अनुभवी माणूस बसलेला असेल, तर त्या मुलाचा आवाज कापत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची नम्र सूचना अशी. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण जो खर्च करतो, त्यातील चौथा भाग बाजूला काढून माजी विद्यार्थ्यांचा एक उद्यम निधी उभारावा. ज्यांना पैसा देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. कोणी हिशेबनीस असेल त्याने वह्या तपासाव्यात, वकील असेल त्याने करारपत्र पाहावे, बँकेत असेल त्याने अर्ज भरून द्यावा, ज्याच्या घराला रस्त्यालगत खोली असेल त्याने ती आडनाव न विचारता भाड्याने द्यावी. आणि आपल्या मुलांच्या उद्योगाचे पहिले ग्राहक आपणच व्हावे, पूर्ण किंमत मोजून. बाबासाहेबांनी दिलेल्या त्रिसूत्रीतील शिक्षणाचा धडा आपण बऱ्यापैकी गिरवला. संघटनेचा अर्थ मात्र आपण सभा आणि मिरवणुका एवढाच घेतला. एका मुलीच्या वर्गाचे भाडे वेळेवर भरले जाणे हेही संघटनच आहे.

मसूरच्या त्या संध्याकाळी गाडी हाकणाऱ्या मुलांच्या सोबतीला कोणी नव्हते. आज आपल्या मुलांनाही गाडी स्वतःच हाकावी लागणार आहे, भाडेही कदाचित जास्तच मोजावे लागणार आहे. ते आपण एका पिढीत बदलू शकणार नाही. पण त्यांनी एकट्याने जायचे की नाही, हे ठरविणे आपल्या हाती आहे. नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न पुढच्या मे महिन्यात आणखी एखादा विद्यार्थी घेऊन येईल. तेव्हा त्याला भीतीपोटी उत्तर द्यायची वेळ आमच्यावर येऊ नये, एवढीच या शाळेच्या कुटुंबाकडे आमची मागणी आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.